गूळ वेगळा, पाणी वेगळे

अक्षय्य तृतीयेच्या दुपारी, पितरांच्या नावाने भरलेली मातीची घागर देवघराशेजारी ठेवून, तिच्या तोंडावर खरबूज ठेवून आणि पानावर चिंचोणी व आंब्याचे पन्हे वाढून आम्ही पाटावर बसण्याच्या बेतात होतो, तोच अकोल्याहून जावई आले आणि त्यांनी पिशवीतून शीतपेयाच्या दोन बाटल्या काढून घागरीजवळच ठेवल्या. दोन्हींचा रंग काळा, दोन्हींच्या अंगावर सारखेच दव. फरक एवढाच की एकीच्या चिठ्ठीवर आत साखर नसल्याची ग्वाही छापलेली होती. जावयांना गेल्या वर्षापासून मधुमेह आहे. "मामाजी," ते म्हणाले, "डॉक्टर म्हणतात बिनसाखरेची एखादे वेळी चालेल, तुमची मुलगी म्हणते दोन्ही विषच. आता तुम्हीच निकाल द्या." तहसील कचेरीत बसून दुसऱ्यांच्या निकालांच्या नकला उतरवण्यात ज्याची सारी नोकरी गेली, त्याला स्वतःचा निकाल देण्याचे पाचारण यावे, हा योग विरळा असल्यामुळे मी तो दवडला नाही.

प्रथम साखरवालीची कैफियत पाहू. अशा पेयाच्या 100 मिलीलिटरमध्ये साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते; म्हणजे 300 मिलीलिटरच्या बाटलीत 30 ग्रॅमांहून अधिक, चहाच्या चमच्याने मोजले तर सहा चमचे भरून वर थोडी. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली घालून दिलेल्या मर्यादेप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसभरात सर्व मिळून अशी साखर 50 ग्रॅमांच्या आत, आणि साधल्यास 25 ग्रॅमांच्या आत ठेवावी. ही दुसरी मर्यादा एका बाटलीत, बसस्थानकावर उभ्या उभ्या, दोन मिनिटांत ओलांडली जाते. सहा चमचे साखर घातलेला चहा कोणी समोर ठेवला तर आपण कप परत करू. परंतु गारवा, वायूचा चरचराट आणि आंबटपणा हे तिघे मिळून त्या साखरेला असे पाठीशी घालतात की जिभेला तिचा पत्ताच लागत नाही.

आता बिनसाखरेच्या बाजूचा पुरावा. ज्या कृत्रिम गोडीवर ही पेये उभी आहेत, तिचा इतिहास मोठा मौजेचा आहे. 1879 साली फालबर्ग नावाच्या रसायनज्ञाला जेवताना हाताला गोडी लागली आणि सॅकरीन सापडले. 1965 साली श्लॅटर नावाच्या दुसऱ्याने कागद उचलण्यासाठी बोट चाटले आणि अ‍ॅस्पार्टेम सापडले. हात न धुण्याच्या सवयीने जगाचे इतके कल्याण वा अकल्याण दुसऱ्या कोठे केले असेलसे वाटत नाही! या गोडीने रक्तातील साखर साखरेच्या पेयाने चढते तशी चढत नाही, हे निर्विवाद आहे. वजनाविषयी म्हणावे तर नेदरलँड्समध्ये 641 मुलांना 18 महिने रोज एक डबा, निम्म्यांना साखरेचा व निम्म्यांना बिनसाखरेचा, कोणता कोणाला हे न सांगता देण्यात आला. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात बिनसाखरेच्या मुलांचे वजन सरासरीने एक किलोने कमी वाढले. हा पुरावा दुय्यम म्हणता येणार नाही.

विरुद्ध बाजूची तक्रारही ऐकली पाहिजे. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला 'कदाचित कर्ककारक' अशा वर्गात टाकले आणि वर्तमानपत्रांतून एकच हाकाटी झाली. परंतु त्याच दिवशी, अन्नात मिसळली जाणारी द्रव्ये तपासणाऱ्या दुसऱ्या समितीने, शरीराच्या दर किलोमागे रोज 40 मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली, ही गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली. 70 किलोच्या माणसाने ती ओलांडायची तर दिवसाकाठी 9 ते 14 डबे प्यावे लागतील, आणि इतके पिणाऱ्याला काळजी करण्यासारखी इतर कारणे पुष्कळ सापडतील. अधिक वजनदार आक्षेप त्याच वर्षीच्या मे महिन्यातला आहे. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडीचा आश्रय करू नये, कारण दीर्घकाळच्या पाहणीत ती घेणाऱ्यांत मधुमेह व हृदयविकार अधिक दिसतात, असे त्याच संघटनेने बजावले. यात दोन खोचा आहेत. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ही सूचना लागू केलेली नाही. आणि ज्यांची प्रकृती बिघडू लागली आहे तेच लोक बिनसाखरेकडे वळतात, त्यामुळे रोग आधी की बाटली आधी, हे अशा पाहणीवरून छातीठोकपणे सांगता येत नाही.

दातांच्या बाबतीत मात्र दोघी सख्ख्या बहिणी आहेत. काळ्या पेयातील फॉस्फरिक आम्ल साखर असो वा नसो, दातांचे लुकण झिजवतेच. साखर असली तर किडीची जास्तीची सोय होते एवढेच.

सडपातळ माणसाने या वादात आपला संबंध नाही असे समजू नये, यासाठी पुण्याची एक साक्ष काढतो. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी 2004 साली आपले दोघांचे छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, पण अंगातील चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. काटा ज्याला बारीक म्हणतो तो आपला माणूस आतून बारीक असतोच असे नाही. म्हणून 'मी कुठे लठ्ठ आहे' या सबबीवर साखरेची बाटली घेण्याचा परवाना वऱ्हाडातल्या किडकिडीत तरुणालाही नाही.

एवढ्यावर निकाल देऊन मोकळे होता आले असते: दोनच बाटल्या असतील आणि त्यांतली एक घेणे भागच असेल, तर बिनसाखरेची घ्यावी. परंतु मी बाटल्यांकडे पाहत होतो तेव्हा माझी दृष्टी पुन्हा पुन्हा घागरीकडे जात होती, आणि या दाव्यात खरा वादी हजरच केलेला नाही असे वाटत होते. तो वादी म्हणजे तहान.

आमच्या लहानपणी उन्हातून आलेल्या पाहुण्याला ओसरीवर बसवून गूळ-पाणी देत. ताटलीत गुळाचा खडा, शेजारी पाण्याचा तांब्या. गूळ हीही साखरच, तिचे वकीलपत्र मी घेत नाही. उसाच्या रसातली साखर तर शीतपेयाहून कमी नसते, हे रसवंतीच्या घुंगरांवर लुब्ध असणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे. पण त्या आतिथ्यात एक शहाणपण होते: गूळ वेगळा होता, पाणी वेगळे होते. खडा जिभेचे कौतुक करी आणि तेवढ्यावर संपे. तहान भागवण्याचे काम पाण्याकडे असे, आणि पाणी मनसोक्त प्यायले तरी त्याबरोबर गूळ वाढत नसे. बाटलीने हे दोन वेगळे हिशेब एका खात्यात ओढले. आता जितकी तहान मोठी तितकी गोडी अधिक, आणि आमच्याकडे वैशाखात पारा 45 अंशांच्या घरात जातो, तेव्हा तहान केवढी मोठी असते हे काय सांगावे! बिनसाखरेच्या बाटलीने त्या खात्यातून साखर वजा केली, ही तिची खरी कामगिरी. पण खाते एकच ठेवले. तिच्यावर वाढलेल्या मुलालाही निव्वळ पाणी अळणी लागू लागते. रोग्याला ती कुबडीसारखी उपयोगी आहे; धडधाकट पोराच्या हाती कुबडी कशाला द्यावी?

हा बदल एका दिवसात झाला नाही. गोटी सोडा जत्रेत मिळे आणि जत्रा वर्षातून एकदा येई. 1977 साली कोका-कोला देशातून गेली, थम्स अप आले. लग्नाच्या मांडवात बर्फाच्या टिपात बुडवलेल्या गोल्ड स्पॉटच्या बाटल्या पोरे मोजून ठेवीत, कारण त्या मोजक्याच असत. प्रसंगापुरती गोडी कोणाचे फारसे बिघडवीत नाही. बिघाड सुरू झाला तो काचेच्या कपाटात बारमाही गारवा आला तेव्हा, आणि त्याच सुमारास पाणपोया ओस पडल्या तेव्हा. आमचे पातूर हे घाटाच्या पायथ्याचे गाव. वाशीमकडे चढणारी वाहने येथे दम घेतात. ओल्या गोणपाटात गुंडाळलेला रांजण, वर लाकडी झाकण, लांब दांड्याचे ओगराळे आणि ओंजळीत पाणी घालणारा म्हातारा, हे चित्र रस्त्याच्या कडेला सर्रास दिसे. आज त्याच रस्त्यावर गार पाण्याची जागा विचारली तर लोक दुकानाच्या कपाटाकडे बोट दाखवतात.

त्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम बसस्थानकाकडे गेलो आणि एका दुकानदाराला बिनसाखरेची बाटली मागितली. "काकाजी, ते इथं कोन घेते?" तो म्हणाला. "एकडाव आनली व्हती, उन्हात पडून रायली, तं लोकं म्हनत गोडच नाही लागत." त्याची तक्रार रसायनशास्त्राला धरून होती, अ‍ॅस्पार्टेम उष्णतेने विघटित होते आणि गोडी उतरते. म्हणजे शहरातील सुशिक्षित ज्या निवडीवर वाद घालतात, ती निवड आमच्या गावच्या उन्हात टिकतही नाही.

सरकारदरबारीही हा गोंधळ आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा पेयांवर 40 टक्के कर आहे, पण तो साखरेच्या व बिनसाखरेच्या बाटलीवर सारखाच. ब्रिटनने 2018 पासून साखरेच्या प्रमाणावर कर बसवला आणि तेथील कारखानदारांनी आपण होऊन साखर उतरवली. आपल्या कराने कारखानदाराला तसे कोणतेही कारण दिलेले नाही. कृत्रिम गोडीच्या बाटलीवर 'मुलांसाठी शिफारस नाही' असे छापावे लागते, आणि सहा चमचे साखरेची बाटली मात्र मुलाच्या हाती निर्वेध जाते. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत अतिसाखरेचे पदार्थ विकू नयेत, हा 2020 सालचा नियम कागदावर उत्तम आहे. पण केवळ मनाईने तहान भागत नाही. नगरपालिकेने शाळेच्या आणि बसस्थानकाच्या दारी मे महिन्यात गार, स्वच्छ, फुकट पाणी ठेवले, तर त्याने जे साधेल ते दोन्ही बाटल्यांच्या तुलनेवरील दहा परिसंवादांनी साधणार नाही.

जावयांना मी इतके सारे सांगितले नाही. बिनसाखरेची घ्या, आणि तीही औषधासारखी, एवढेच म्हणालो. मुलीने साखरेची बाटली न उघडता दुकानात परत करण्यासाठी बाजूला काढली. जावयांनी आपली बाटली उघडली, अर्धी प्यायली, रुमालाने तोंड पुसले, आणि क्षणभर थांबून आत हाक दिली, "अगं, जरा पाणी आण."