नट आपणच खोला बे!

मेकॅनिकल थर्ड इयरचा पोरगा गॅरेजसमोर हात बांधून उभा राहतो आणि त्याच्याहून लहान पोट्टा त्याच्या गाडीचं ऑइल बदलतो. मीही असाच उभा राहायचो. व्हिस्कॉसिटीवर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं, पण २०डब्ल्यू-५० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, हे ठाऊक नव्हतं!

घरी बाबांची जुनी पल्सर १८० आहे. २००१ साली पल्सर आली तेव्हा पोरांसाठी फास्ट गाडी म्हणजे तीच. मागच्या मे महिन्यात मूल-गडचिरोली रस्त्यावर, ऐन जंगलात, इंजिन तापून बंद पडलं. गाडी टेम्पोत टाकून आणली. ड्रेन बोल्ट खोलला तर लिटरभराच्या जागी पाव लिटर काळं तेल! गळती कुठेच नाही. ऑइल बदलल्याचं बिल महिन्यापूर्वीचं. तेव्हा मी समोरच होतो, मोबाइल पाहत.

मग स्वतः शिकलो. पहिल्यांदा माती खाल्ली. बोल्ट जोरात आवळला, ॲल्युमिनियमचे आटे गेले. इंजिन कोमट असताना तेल काढा, वॉशर नवा टाका, जोर बेतानं लावा. कारचं ऑइल ओतू नका. बाइकचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, तो घसरू शकतो.

पण काळ्या तेलाचं काय? आपल्याकडे उधई लागू नये म्हणून खांबांना फासतात, उरलेलं नालीत. कायद्यानं तो घातक कचरा आहे, आणि नाली शेवटी झरपट-इरईलाच जाते ना भाऊ. माझ्याकडे कॅनमध्ये तीन लिटर साचलंय. वर्कशॉपात एक ड्रम ठेवा, असं सरांना म्हणालो. ते म्हणाले, "अर्ज दे." दिलाय.