कुंपणाबाहेरचा सडा

दप्तराच्या हिशेबी सडा म्हणजे पडीक जमीन. रत्नागिरी-राजापूर परिसरात तर पावसाळा सरला की करपणारे गवत आणि उघडा जांभा, एवढेच त्याचे रूप वरवर पाहणाऱ्यास दिसते. परंतु याच कातळावर प्रागैतिहासिक माणसाने हत्ती, गेंडे, मासे, मनुष्याकृती आणि भौमितिक रचना कोरून ठेवल्या आहेत. कशेळीच्या हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब असून तिच्या पोटात इतर अनेक प्राण्यांची चित्रे आहेत. गुराख्यांना ठाऊक असलेला हा ठेवा स्थानिक हौशी अभ्यासकांनी गावोगाव हिंडून जगापुढे आणला. २०२२ मध्ये कोकणातील आठ आणि गोव्यातील एक अशी नऊ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

हा गौरव योग्यच होय. पण यादीत नाव गेले म्हणजे रक्षण झाले, असे नव्हे. २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी मातीची तपासणी सुरू झाली, तेव्हा या चित्रांची चर्चा देशभर झाली. चिरेखाण, कलमांच्या बागेसाठी फोडलेला कातळ आणि नवे रस्ते यांची मात्र चर्चा होत नाही. कातळशिल्प मूर्तीसारखे उचलून संग्रहालयात नेता येत नाही. जमीन गेली की तेही जाते.

यावर चित्राभोवती कुंपण घालणे हा सोपा उपाय. तो आवश्यक आहे, पुरेसा नाही. या शिल्पांच्या काळाविषयी अभ्यासकांत अद्याप एकमत नाही. त्याचा निर्णय ज्या पुराव्याने व्हायचा, ती दगडी हत्यारे आणि मातीचे थर चित्रांत नसून आसपासच्या परिसरात आहेत. चित्र राखून भोवतालचा सडा खणणे म्हणजे पोथी जपून तिची लिपी विसरण्यासारखे होय.

मात्र या संरक्षणाचा भार कोणावर, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बरेच सडे खाजगी मालकीचे आहेत. चिऱ्याचे चार पैसे सोडण्यास शेतकऱ्याला सांगायचे आणि वारशाचा अभिमान इतरांनी मिरवायचा, हा न्याय नव्हे. उक्षीच्या ग्रामस्थांनी आपल्या हत्तीच्या रक्षणासाठी पुढाकार घेतला. अशा गावांना शासनाने योग्य मोबदला आणि पर्यटनाच्या उत्पन्नात वाटा दिला पाहिजे. सडा राखणे गावाच्या हिताचे ठरले, तरच तो राहील. एकदा फुटलेला कातळ कोणत्याही अध्यादेशाने सांधता येत नाही.