उसनवारीची धावपट्टी

ओझरची धावपट्टी नक्की कुणाची, असा प्रश्न विचारला तर बहुतेक नाशिककर गोंधळतील. विमानतळ नाशिकचा म्हणायचा, प्रवाशांची इमारत राज्य सरकारने बांधलेली. पण धावपट्टी हिंदुस्तान एरोनॉटिक्सची आणि शेजारी हवाई दलाचा दुरुस्ती डेपो. या धावपट्टीवर अधूनमधून एखादे मालवाहू विमान उतरते. वर्तमानपत्रांत छायाचित्र छापून येते, नाशिकचा माल आता थेट परदेशी जाणार अशी ग्वाही दिली जाते आणि विमान उडाले की विषयही उडून जातो. या तात्पुरत्या उड्डाणांच्या टाळ्या आता पुरे झाल्या, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळात ही धावपट्टी आली लढाऊ विमानांसाठी. चिनी आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, १९६३ साली नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर निवडून आले आणि १९६४ मध्ये ओझरच्या मिग कारखान्याची सुरुवात झाली. मिग-२१, मिग-२७ आणि पुढे सुखोई अशी विमानांची पिढी येथे घडली. एक मागणी संपून दुसरी येईपर्यंत कामगारांच्या वसाहतीत 'आता कारखान्याचे काय?' ही कुजबूज सुरू व्हायची, तीही आपण ऐकली आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात ओझरला तेजसची जोडणी सुरू झाल्याचा सोहळा झाला. नाशिककर म्हणून मला त्याचा आनंदच आहे. पण त्याचा अर्थही समजून घेतला पाहिजे. लष्करी काम संपलेले नाही, ते वाढणार आहे. म्हणजे भाजीपाला आणि फुले घेऊन जाणारे विमान येथे पाहुणाच राहणार, आणि यजमानाच्या सवडीने येणार.

मालवाहतुकीसाठी काहीच झाले नाही, असे नाही. हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि कंटेनर कॉर्पोरेशन यांनी मिळून 'हॅलकॉन' उभी केली. ओझरहून शेळ्या-मेंढ्या विमानाने शारजाला गेल्या. हे सगळे खरे. पण भाड्याने आणलेले एक विमान भरले, म्हणून मालवाहतूक सुरू झाली असे होत नाही.

माझे अर्धे आयुष्य बँकेत कर्जाची प्रकरणे वाचण्यात गेले. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांची, शीतगृहांची, हरितगृहांची प्रकरणे टेबलावर येत. कर्ज देताना आम्ही पाहायचो ते एकच: येणारा पैसा नियमित आहे का? एखाद्या वर्षी लागलेल्या लॉटरीवर मुदतीचे कर्ज मिळत नाही. विमानाचेही तसेच आहे. पुढचे उड्डाण कधी, हे ठाऊक नसेल तर त्याच्या भरवशावर शीतखोली कोण बांधील? सीमाशुल्काचा अधिकारी, रोगकीड तपासून दाखला देणारा तज्ज्ञ, माल चढवणारी तरबेज माणसे, यांपैकी कुणालाही महिन्यातल्या एका दिवसापुरते ठेवता येत नाही. मग जानोरी-मोहाडीकडचा गुलाब धावपट्टी उशाशी असूनही कसारा घाट उतरून मुंबईला जातो, यात नवल ते काय!

येथे एक भाबडी समजूतही दूर केली पाहिजे. विमानाने कांदा जाईल, ही कल्पना हिशेबात बसत नाही. किलोमागे भाडेच मालापेक्षा जड होईल. कांद्याचे दुखणे धावपट्टीचे नाही, धोरणाचे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात बंद केली, मे २०२४ मध्ये उघडली. मधल्या काळात चाळीतला कांदा सडला तो काही विमान नाही म्हणून नव्हे. द्राक्षेही बोटीनेच जाणार. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा बागाईतदार हवालदिल झाले, तरी सगळी द्राक्षे विमानात घालणे कुणालाच परवडले नसते. विमान हवे ते फुलांसाठी, हंगामाच्या पहिल्या मोजक्या पेट्यांसाठी, औषधांसाठी, आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या नाजूक, महागड्या सुट्या भागांसाठी. माल थोडा आणि मोलाचा हवा, पण आठवड्याला ठरलेला हवा.

नियमितपणाने काय होते, हे नाशिकने पाहिले आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातली पहिली किसान रेल्वे देवळालीहून दानापूरला निघाली. वेळापत्रक होते, पुढे भाड्यात निम्मी सवलतही मिळाली, आणि माल येत गेला म्हणून फेऱ्या वाढल्या. नंतर सवलत संपली आणि गाडीही थांबली. तात्पुरत्या योजनेत शेतकरी सवय लावून घेतो आणि योजना त्याला विचारून जात नाही.

जगात लष्करी तळांवर मालवाहतूक उभी राहिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. फिलिपाईन्समध्ये सुबिक येथला अमेरिकी नौदलाचा तळ १९९२ मध्ये बंद झाला, तिथे १९९५ मध्ये फेडेक्सने आपले आशियातले केंद्र थाटले. २००९ मध्ये ते चीनच्या ग्वांगजौला निघून गेले. जर्मनीतल्या हान येथील अमेरिकी हवाई तळाचा नागरी विमानतळ झाला, तो २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेला. विमानाला मुळे नसतात. भोवतालच्या मालाशी आणि माणसांशी ते बांधले गेले नाही, तर चौदा वर्षांनीसुद्धा ते एका करारानिशी उठून जाते.

म्हणून मागणी लहान, पण ठाम असावी. मालवाहू विमानांसाठी आठवड्यातील ठराविक तास लष्करी कामाचा मान राखून लेखी ठरवून द्यावेत आणि ते वर्षभर पाळावेत. तपासणी व दाखले ओझरलाच मिळावेत. लहान शेतकऱ्याच्या दहा पेट्याही स्वीकारल्या जातील, अशी सोय असावी. सुरुवातीची तीन वर्षे विमान अर्धे रिकामे गेले तर तो तोटा सरकारने सोसावा, मात्र त्याचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा. २०२७ च्या सिंहस्थासाठी विमानतळावर खर्च होणार आहे, दुसऱ्या धावपट्टीचीही घोषणा झाली आहे. त्या आराखड्यात प्रवाशांच्या इमारतीशेजारी एक शीतखोली आणि तपासणीचे एक टेबल मावणार नाही काय?

पुढच्या वेळी ओझरला मालवाहू विमान उतरेल आणि फीत कापायला पुढारी जमतील, तेव्हा नाशिकच्या पत्रकारांनी आणि बागाईतदारांनी एवढेच विचारावे: साहेब, पुढचे विमान कोणत्या तारखेला?