रक्ताची साक्ष आणि औषधाची वाट

पनवेल तालुक्यातील गव्हाणपासून खारघरचे टाटा मेमोरियलचे कर्करोग केंद्र काही फार दूर नाही. २०२४ च्या जानेवारीत शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाल्यापासून परळचे टाटा रुग्णालयही जवळ आले. तरीही गव्हाणची एखादी भगिनी आणि स्तनाच्या कर्करोगावरील नवे उपचार यांच्यामधील एक खाडी अद्याप ओलांडावयाची राहिली आहे. ती खाडी पैशाची आहे.

हा रोग शरीरात अन्यत्र पसरला म्हणजे तो समूळ नाहीसा होणे बहुधा शक्य नसते. योग्य औषधाने त्यास रोखून धरता मात्र येते. परंतु रोग आपले रूप पालटतो आणि काल लागू पडलेले औषध आज निरुपयोगी ठरते. हा पालट ओळखण्यासाठी यकृतातून वा हाडातून सुईने तुकडा काढावा लागे. आता गाठीतून रक्तात उतरणारे डीएनएचे सूक्ष्म तुकडे तपासून तो दंडातील रक्तावरूनही ओळखता येतो. अमेरिकेत २०२३ मध्ये ‘एलासेस्ट्रंट’ या औषधास मान्यता मिळाली, ती अशा रक्तचाचणीसह.

तथापि हुरळून जाण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक स्त्रियांच्या रक्ताची अशी परीक्षा झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, एका जनुकीय दोषावर नेमके औषध दिलेल्या २० जणींपैकी ५ जणींच्याच गाठी निश्चितपणे आक्रसल्या. शिवाय रक्तात दोष आढळला नाही म्हणजे तो नाहीच, असेही म्हणता येत नाही.

आमची खरी चिंता निराळी आहे. चाचणीने औषधाचे नाव कळावे आणि ते विकत घेण्याची ऐपत नसावी, याहून क्रूर थट्टा कोणती?

कोणी म्हणेल, हा पैसा रोग लवकर ओळखण्यावर खर्च करा. मुद्दा वजनदार आहे. टाटा रुग्णालयाने मुंबईत सुमारे दीड लाख स्त्रियांवर २० वर्षे केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित सेविकांनी केवळ हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांतील या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये दिसून आले. ही तपासणी गावोगाव व्हावयासच हवी. पण जिचा रोग आधीच पसरला आहे, तिला ‘बाई, तुला उशीर झाला’ असे सांगून शासनास मोकळे होता येईल काय?

‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’मधील रुग्णालयांनी एकत्रित खरेदी करून औषधांच्या किमती पुष्कळ उतरविता येतात, हे दाखवून दिले आहे. तोच मार्ग येथेही अनुसरावा. आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही चाचणी व तिने सुचविलेले औषध यांना एकत्रच स्थान द्यावे. औषधावाचून नुसती चाचणी देऊ नये. रक्ताची साक्ष काढावयाची, तर तिच्यावरून न्याय देण्याची तयारीही हवी.