अणुकचरा आणि अबोला

नोव्हेंबर 2012 मध्ये कर्नाटकातील कोलार परिसरात लोक अकस्मात रस्त्यावर उतरले. निमित्त होते सर्वोच्च न्यायालयापुढील एका निवेदनाचे. कूडनकुळम प्रकल्पाच्या खटल्यात सरकारी बाजूने जे सांगण्यात आले, त्यात अणुकचरा कायमचा पुरण्याच्या संदर्भात कोलारच्या सोन्याच्या खाणींचा उल्लेख आला होता. 2001 साली बंद पडलेल्या त्या खाणींभोवती राहणाऱ्यांना ही वार्ता वृत्तपत्रांतून कळली. आंदोलन पेटल्यावर, असा कोणताही बेत नाही, असा खुलासा झाला. तो खराही असेल. 1980 च्या दशकात त्या खाणींत खोलवर शास्त्रीय प्रयोग झाले होते, हेही खरे. परंतु ते प्रयोग कशासाठी होते, हे त्याच वेळी गावोगाव समजावून सांगितले असते, तर त्या खुलाशावर विश्वास ठेवायला कोणी तरी उरले असते.

सांगण्याजोगे काही नाही, अशातला भाग नाही. वापरलेले इंधन आपण टाकून देत नाही. त्यावर पुनर्प्रक्रिया करून युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढतो. मागे उरणारा तीव्र किरणोत्सारी अंश काचेत मिसळून पोलादी डब्यांत बंद केला जातो. तारापूरला हे काम होते. कोळशाच्या राखेचे डोंगर पाहिलेल्या नागपूरकराला या कचऱ्याचे आकारमान क्षुल्लक वाटेल. मात्र त्यातील सीझियम व स्ट्रॉन्शियमची तीव्रता निम्मी होण्यास सुमारे 30 वर्षे लागतात, म्हणजे ती नगण्य होईपर्यंत काही शतके लोटणार. आणि काही घटकांचे आयुष्य तर हजारो वर्षांचे. यातील पहिली बाजू अधिकारी सांगतात, दुसरी आंदोलक सांगतात. दोन्ही एका व्यासपीठावर एकाच माणसाच्या तोंडून ऐकल्याचे मला आठवत नाही.

माझा विषय अर्थशास्त्र, म्हणून एक प्रश्न खर्चाचा. उत्पादनाचे समाजावर पडणारे परिणाम शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, अणुभट्टी म्हातारी झाली की ती मोडायचे पैसे कोण देणार?" उत्तरासाठी मला नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा 2012 चा अहवाल चाळावा लागला. त्या कामासाठी विजेच्या युनिटमागे 2 पैसे आकारले जात होते. आणि तो निधी पुरेसा आहे की नाही हे पाहण्यात नियामक मंडळाला स्थानच नव्हते. वीजग्राहकांपैकी किती जणांना हे दोन पैसे ठाऊक होते?

कोकणातील अनुभव निराळा नाही. जैतापूर प्रकल्पासाठी मे 2010 मध्ये माडबनला जनसुनावणी झाली, तेव्हा पर्यावरणविषयक अहवाल मराठीतून वेळेवर मिळाला नाही, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. पुढल्याच वर्षी, एप्रिलमध्ये, साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एकाचा बळी गेला. एका भाषांतराने तो वाचला असता असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण ज्याच्या दारात सहा अणुभट्ट्या उभ्या करायच्या, त्याला त्याच्या भाषेत कागद देणे ही मेहेरबानी नव्हे.

फिनलंडमध्ये कचऱ्याच्या भूमिगत साठ्यासाठी जागा निवडताना स्थानिक नगरपालिकेच्या हाती नकाराधिकार होता. युराजोकीच्या नगरसभेने 2000 साली मतदानाने होकार दिला, आणि मगच 2001 मध्ये संसदेने मंजुरी दिली. तो देश लहान व सुशिक्षित, हा आक्षेप मला मान्य आहे. पण 'नाही' म्हणण्याचा हक्क असलेल्या गावाने 'हो' म्हटले, ही गोष्ट साक्षरतेच्या टक्केवारीने उलगडत नाही.

आपल्याकडे 1962 च्या अणुशक्ती कायद्याने माहिती रोखून धरण्याचे व्यापक अधिकार सरकारला दिले होते. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा आणून खाजगी भांडवलाला या क्षेत्राचे दार उघडले. नफ्याचा वाटेकरी नवा येणार असेल, तर शतकानुशतकांच्या राखणीचा भार कोणाकडे, हे आधी उघडपणे सांगितले पाहिजे. निदान तारापूरच्या परिसरातील ग्रामसभांपुढे दरवर्षी मराठीतून हिशेब मांडावा: काचेचे डबे किती, ते कोठे ठेवले आहेत, आणि अणुभट्टी मोडण्याच्या निधीत आज किती रुपये जमा आहेत.