रजिस्टरांतील आकडे आणि दोषशोधकाची साक्ष

चंदीगढला लागूनच असलेल्या मोहालीत सेमिकंडक्टर लॅबोरेटरी ही शासकीय प्रयोगशाळा आहे. १९८४ साली तेथे चिप तयार होऊ लागल्या, १९८९ सालच्या आगीने त्या कारखान्याची राखरांगोळी केली, पुढे तो पुन्हा उभा राहिला आणि १८० नॅनोमीटर तंत्राने प्रोसेसर घडवू लागला. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राच्या सहकार्याने सिद्ध झालेले 'विक्रम ३२०१' व 'कल्पना ३२०१' हे दोन ३२-बिटी प्रोसेसर ५ मार्च २०२५ रोजी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या हाती देण्यात आले. विक्रमचे पहिले नग तर तत्पूर्वीच, ३० डिसेंबर २०२४ रोजी उडालेल्या पीएसएलव्ही-सी६० बरोबर जाऊन, अंतराळात पारखले गेले होते. (कल्पना हे नाव ऐकताच चंदीगढच्या माणसाला १९८२ साली येथील पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेतलेल्या कल्पना चावला आठवाव्यात, हे स्वाभाविकच आहे.)

ह्या घटनेचे कौतुक झाले ते योग्यच झाले. परंतु प्रोसेसर बोटाच्या पेरावर ठेवून छायाचित्र काढता येते. त्या प्रोसेसरच्या पोटात काय चालले आहे हे सांगणाऱ्या साधनाचे छायाचित्र निघत नाही, म्हणून त्याचा विचारही होत नाही. ह्या साधनास डिबगर म्हणतात. आपण त्यास दोषशोधक म्हणू. माझे मत असे आहे की, स्वदेशी प्रोसेसराइतकीच काळजी त्याच्या दोषशोधकाची वाहिली पाहिजे. आणि खोटी साक्ष देणारा दोषशोधक असण्यापेक्षा तो मुळीच नसलेला बरा.

प्रथम रजिस्टर म्हणजे काय ते पाहू. काही वर्षांपूर्वी एका पुस्तिकेच्या अनुवादात मी ह्या शब्दासाठी 'नोंदवही' असा प्रतिशब्द योजला होता. एका अभियंत्याने ते वाचून सौम्यपणे विचारले, "आपल्या नोंदवहीतले पान डोळ्याचे पाते लवण्याच्या आत लाखो वेळा पुसले जाते का?" शाळेतील हजेरीपट ज्या अर्थाने रजिस्टर, त्या अर्थाने हे रजिस्टर नव्हे. प्रोसेसर एखादी बेरीज करतो तेव्हा मिळवावयाच्या संख्या ज्या इवल्याशा कप्प्यांत क्षणभर ठेवतो, ते हे कप्पे. पाटीवरच्या हातच्याशी त्याचे नाते अधिक जवळचे. तेव्हापासून मी रजिस्टर हाच शब्द ठेवतो. परका असला तरी तो निदान दिशाभूल करीत नाही.

आता आज्ञावलीत दोष आहे अशी शंका आली, तर दोषशोधक तिला मध्येच थांबवितो आणि त्या क्षणी प्रत्येक रजिस्टरात कोणती संख्या होती ते आपणांस दाखवितो. येथेच पहिली अडचण उभी राहते. प्रोसेसर थांबला म्हणजे निष्क्रिय झाला असे नव्हे. पुष्कळदा, आज्ञावली अडविणारे छोटेसे उपकार्य त्याच प्रोसेसरावर चालत असते आणि त्यालाही तीच रजिस्टरे लागतात. म्हणून मूळ संख्या आधी स्मृतीत उतरवून ठेवाव्या लागतात, आणि दोषशोधक आपणांस दाखवितो ती ही उतरवून ठेवलेली प्रत असते. प्रतीत एक घर चुकले की पुढील सर्व आकडे चुकतात, आणि चुकलेला आकडाही आकड्यासारखाच दिसतो. कल्पनासारख्या प्रोसेसरात संख्येचा मोठा बाइट आधी ठेवतात, आपल्या टेबलावरील बहुतेक संगणकांत लहान बाइट आधी. दोषशोधकाने हा क्रम उलटविला नाही, तर रजिस्टरात १ असताना पडद्यावर १,६७,७७,२१६ दिसतात! अपूर्णांकांच्या रीतीने साठविलेला १ हा पूर्णांक म्हणून वाचला, तर तो १,०६,५३,५३,२१६ होतो. इतकी ढोबळ चूक लवकर लक्षात येते. धोका आहे तो विश्वसनीय दिसणाऱ्या चुकीचा.

कल्पना ३२०१ हा स्पार्क आवृत्ती आठ ह्या प्रसिद्ध आज्ञासंचाचा प्रोसेसर आहे, आणि त्या आज्ञासंचाची रजिस्टरव्यवस्था दोषशोधकाची कसोटी पाहणारी आहे. त्यात आठ रजिस्टरे सर्वांस सामाईक असतात. त्यांपैकी पहिले तर असे की, त्यात काहीही लिहा, वाचताना शून्यच मिळते. ह्याखेरीज प्रत्येक कार्यास चोवीस रजिस्टरांची एक 'खिडकी' मिळते: आठ आवक, आठ खासगी, आठ जावक. एका कार्याने दुसऱ्यास हाक मारली की खिडकी सरकते, आणि पहिल्याची जावक रजिस्टरे हीच दुसऱ्याची आवक होतात. कचेरीत दोन मेजांच्या मध्ये एकच खण असावा, एका कारकुनाने त्यात कागद टाकावा आणि दुसऱ्याने आपल्या बाजूने तो काढून घ्यावा, तसाच हा प्रकार आहे. अशा खिडक्या किमान दोन, कमाल बत्तीस असू शकतात. म्हणजे एकूण रजिस्टरे चाळीसपासून पाचशेवीसपर्यंत.

परंतु हाका खिडक्यांहून अधिक झाल्या तर? तेव्हा सर्वांत जुन्या खिडकीतील सोळा संख्या स्मृतीतील चळतीवर, तिच्यासाठी राखून ठेवलेल्या चौसष्ट बाइटांच्या जागेत, उतरविल्या जातात आणि खिडकी मोकळी केली जाते. जागा आधीच राखलेली असते, मात्र संख्या तेथे नंतर येतात, आणि कित्येकदा येतही नाहीत. ज्याने गावातील सातबाऱ्याचा उतारा काढला आहे त्याला हा पेच चटकन समजेल. खरेदीखत झाले, परंतु फेरफाराची नोंद व्हावयाची आहे, अशा वेळी उताऱ्यावर जुन्याच मालकाचे नाव असते. कागद खरा, शिक्का खरा, आणि माहिती मात्र शिळी. दोषशोधकाने हाक मारणाऱ्या कार्याची रजिस्टरे चळतीवरून वाचली, आणि ती खिडकी अद्याप प्रोसेसरातच असली, तर अगदी हेच घडते. उलट, त्या जागेत दोषशोधकाने नवी संख्या लिहिली, तर काही क्षणांनी प्रोसेसर आपली जुनी संख्या तिच्यावर उतरवितो आणि आपली दुरुस्ती मुकाट्याने पुसली जाते. संशोधक मात्र दुरुस्ती करूनही गुण येत नाही म्हणून भलतीकडेच दोष शोधीत बसतो.

आणखी एक खोच सांगतो. ह्या आज्ञासंचात उडीच्या आज्ञेनंतरची एक आज्ञा उडीपूर्वीच पार पाडली जाते. त्यामुळे 'चालू आज्ञा कोठे' आणि 'पुढील आज्ञा कोठे' अशी दोन वेगळी रजिस्टरे लागतात. दोषशोधकाने केवळ पहिले बदलले, तर प्रोसेसर नव्या ठिकाणची एकच आज्ञा पाळतो आणि पुन्हा जुन्या वाटेस लागतो.

हे सारे तंत्रज्ञांपुरते आहे असे कोणास वाटेल. ४ जून १९९६ रोजी युरोपचा पहिला एरियान ५ अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे सदतीस सेकंदांनी मार्ग सोडून नष्ट झाला. चौसष्ट बिटांची एक संख्या सोळा बिटांत मावली नाही, ही मूळ चूक सर्वश्रुत आहे. तिच्यापुढील घटना मला अधिक बोधक वाटते. बंद पडलेल्या दिशादर्शक यंत्राने दोषनिदानासाठी असलेली बिटांची माळ पाठविली, आणि मुख्य संगणकाने ती उड्डाणाची माहिती समजून तोंड वळविले. बिटांच्या कपाळावर त्यांचा अर्थ लिहिलेला नसतो; तो वाचणाऱ्याने निश्चयपूर्वक जाणून घ्यावा लागतो.

म्हणूनच, जे रजिस्टर जपून ठेवलेलेच नाही त्याच्यासमोर दोषशोधकाने 'जतन केलेले नाही' असे स्पष्ट लिहावे, शेवटची ठाऊक असलेली संख्या लिहू नये. चांगले दोषशोधक असे करतात. तरीही रिकाम्या घराऐवजी काहीतरी दिसावे असा आग्रह वापरणाऱ्यांकडूनच होतो, आणि त्यास बळी पडणारे साधनकारही आहेत.

जगाने घासूनपुसून घेतलेली मुक्त साधने स्पार्कसाठी उपलब्ध आहेत, मग चिंता कसली, असा आक्षेप येईल. कल्पनाच्या बाबतीत तो अंशतः खरा आहे. तथापि खिडक्यांची संख्या, थांबविण्याची रीत, अपूर्णांकांचा विभाग ह्या बाबी प्रत्येक प्रोसेसरात निराळ्या असू शकतात, आणि दोष नेमके तेथेच दडतात. विक्रमचा आज्ञासंच तर स्वतंत्र आहे. त्याच्यासाठी एडा भाषेचा अनुवादक, जोडणीची साधने, प्रतिरूपक हे सर्व अंतराळ संस्थेस स्वतः घडवावे लागले. प्रतिरूपकावर सर्व ठीक दिसले म्हणून भागत नाही, कारण प्रतिरूपकास सारेच ठाऊक असते. प्रत्यक्ष चिपला बाहेरून विचारावे लागते.

दोषशोधकाची परीक्षा घेण्याची रीत मात्र महाविद्यालयातील विद्यार्थ्यासही जमेल इतकी सोपी आहे. प्रत्येक रजिस्टरात निरनिराळी संख्या ठेवावी. सर्वांत एकच ठेवली, तर अदलाबदल झालेली कळत नाही, आणि शून्य तर कधीच ठेवू नये. मग स्वतःलाच हाक मारणारे एक कार्य लिहावे. खिडक्या आठ असतील तर किमान दहा पायऱ्या खोल जावे, म्हणजे काही खिडक्या चळतीवर उतरतील व काही प्रोसेसरातच राहतील. प्रत्येक पायरीवर थांबून सर्व रजिस्टरे वाचावीत, एखादी बदलून पाहावी, वर येताना ती बदललेलीच आहे की नाही हे ताडावे. एका दुपारचे काम आहे. ज्या विद्यालयांत संगणकाचे वर्ग चालतात तेथे आज्ञावली लिहावयास शिकवितात; तिची साक्ष काढावयास, आणि त्या साक्षीदाराचीच उलटतपासणी घ्यावयास, फारच थोड्या ठिकाणी शिकवितात. ही दुपार अभ्यासक्रमात काढावी, एवढीच माझी मागणी आहे.