शेवट माहीत असलेली मालिका

मराठी मालिका संपताना हल्ली कोणाला फारसं वाईट वाटत नाही. उलट "सुटलो एकदाचे" असंच होतं. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले. (नावात मात्र दिवस चारच!) इतकं ताणल्यावर निरोप कसला घेणार?

'स्वराज्यरक्षक संभाजी' हा माझ्यासाठी अपवाद. २४ सप्टेंबर २०१७ ला सुरू झाली, २९ फेब्रुवारी २०२० ला संपली. सस्पेन्स शून्य. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर डेडलाईन १६८९ मध्येच ठरलेली, कुठलाच क्लायंट ती पुढे ढकलू शकत नव्हता. तरीही शेवटच्या आठवड्यात रात्री नऊला आमच्या दौंडच्या घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

आता आम्हा शिरूर-दौंडकडच्या मंडळींचं जरा वेगळं आहे बरं का. महाराज संगमेश्वरला पकडले गेले आणि त्यांना आणलं बहादूरगडावर, म्हणजे पेडगावला. तालुका श्रीगोंदा, पण दौंड तालुक्यातून पाहिलं तर भीमेच्या पलीकडे. पुढे तुळापूर आणि ११ मार्च १६८९ ला हत्या. समाधी वढू बुद्रुकला, शिरूर तालुक्यात. म्हणजे शेवटचे ते आठवडे आमच्याच नदीच्या काठाने गेले. त्यामुळे राजा कसा मेला हे आमच्याकडे लहान पोरालाही सांगता येतं. कसा जगला, हे विचारलं की गाडी अडते.

मालिकेने ती अडलेली गाडी हलवली. जुन्या नाटक-सिनेमांनी रंगवलेला व्यसनी, रागीट राजपुत्र वा. सी. बेंद्रे यांनी १९६० च्या चरित्रात पुराव्यानिशी खोडून काढला होता. पण जाडजूड चरित्र वाचणार किती जण? 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ लिहिणारा, तेविसाव्या वर्षी राज्याभिषेक झालेला, १६८३ मध्ये गोव्यात पोर्तुगीजांना घाम फोडणारा राजा माझ्या आईला भेटला तो टीव्हीवर. (तेविसाव्या वर्षी आम्ही काय करत होतो? जाऊ द्या, विषय नको.) मालिकेत सगळंच उत्तम होतं असं नाही. गडावरचे कट फारच लांबवले असं मला आजही वाटतं, आणि मालिका म्हणजे इतिहासाचा पुरावा नव्हे. पण रोज नऊला भेटणारा माणूस घरचा होतोच. त्यात अमोल कोल्हे २०१९ मध्ये शिरूरचे खासदार झाले. मग काय, दिवसा बातम्यांत खासदार आणि रात्री छत्रपती!

शेवट जवळ आला तशी चर्चा रंगली, महाराजांचे हाल दाखवावेत की नाही? माझं मत तेव्हाही हेच होतं की हात आखडता घेतलेला बरा. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' आला आणि त्यात ते हाल सविस्तर दाखवले. थिएटरात लोक ढसाढसा रडले. ते रडणं खरंच होतं, त्याची टिंगल मी करणार नाही. पण अडीच-पावणेतीन तासांच्या सिनेमात सगळ्यात जास्त लक्षात राहतं ते मरण. मालिकेकडे एकोणतीस महिने होते. तिथे आपण एका माणसाच्या सवयी, राग, चुका, संसार बघत आलो होतो. सोबत सुटते आहे हे कळायला रक्त दाखवायची गरजच नव्हती.

योगायोग असा की २०२० ची फाल्गुन अमावस्या, म्हणजे महाराजांच्या पुण्यतिथीची तिथी, २४ मार्चला आली. राज्यात संचारबंदी होती आणि त्याच रात्री देशभर लॉकडाऊन जाहीर झाला. एरवी त्या दिवशी वढूला माणसांची रीघ लागते. मालिका बघून नुकतेच हळवे झालेले आम्ही सगळे घरात अडकून बसलो.

तेव्हा माझं म्हणणं इतकंच, की मालिका वेळेवर संपली हे उत्तमच झालं. निरोप जड गेला, कारण महाराज पुन्हा फक्त समाधीपुरते उरतील की काय ही धास्ती होती. ते टाळणं आता चॅनेलच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी पोरांना घेऊन वढूला जाल तेव्हा चाळीस दिवसांच्या छळाआधी नऊ वर्षांच्या कारभाराबद्दल सांगा. ऐकतात पोरं, सांगणारा हवा.

असो. उद्या सोमवार, पहाटेची लोकल पकडायची आहे.